वाचवायला आलेल्यांचं बिऱ्हाड

दरड कोसळली की वाहिन्यांवर नारिंगी गणवेशातले जवान दिसतात. काळोख पडला की कॅमेरे निघून जातात, जवान तिथेच राहतात. त्यांना कुठेतरी पाठ टेकायची असते, ओले कपडे बदलायचे असतात, दोन घास खायचे असतात, शौचाला जायचं असतं. या सगळ्याची सोय म्हणजे त्यांचा बेस कॅम्प. माणसं किती वाचतात हे जितकं कटर आणि श्वानपथकावर ठरतं तितकंच या छावणीवरही ठरतं, असं माझं मत आहे. पण छावणी कुठे असावी, कशी असावी, तिच्यात कोणाला जागा असावी यावर आपल्याकडे आपत्ती येण्याआधी कोणी बोलत नाही आणि येऊन गेल्यावर बोलायला कोणाला वेळ नसतो.

खालच्या संवादातले दीर-भावजय माझ्या कल्पनेतले आहेत, त्यांचा वाद मात्र खरा आहे. भाऊजी एका बचावदलाच्या भांडार आणि छावणी विभागातून निवृत्त झालेले. वहिनी सावित्री नदीच्या खोऱ्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका. नदी फुगली की बाहेरची पथकं त्यांच्याच शाळेत उतरतात.

वहिनी : भाऊजी, राग मानू नका, पण माणसं चिखलाखाली असताना तंबू ठोकत बसणं मला पटत नाही. २२ जुलै २०२१ ला संध्याकाळी तळिये गावावर डोंगर आला. खाली महाडात पाणी भरलेलं, रस्ते बंद. बाहेरची पथकं पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तोवर गावकरी हातांनी माती उपसत होते. त्यांच्यामागे कुठली छावणी होती? पहिल्या तासांना मोल असतं हे तुम्हीच सांगता. मग ते तास खुंट्या ठोकण्यात का घालवायचे?

भाऊजी : घालवत नाही, वहिनी. पथक उतरलं की लगेच दोन वाटांनी जातं. पाहणी करणारे, श्वानपथक, कापणारे थेट ढिगाऱ्याकडे जातात. चार-पाच जण मागे राहून तंबू, पाणी, चूल बघतात. एनडीआरएफचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं, पूर्ण पथक साधारण ४५ जणांचं असतं. त्यात अभियंते, तंत्रज्ञ, इलेक्ट्रिशियन, श्वानपथक, वैद्यकीय सहायक सगळे आले. त्यातले पाच मागे राहिले म्हणून काम अडत नाही. ते मागे राहिले नाहीत तर मात्र बाराव्या-चौदाव्या तासाला सगळेच बसतात. दमलेला माणूस टेकू नीट बसला की नाही ते बघत नाही. वरचा दगड सुटतोय हे त्याच्या लक्षात येत नाही. आत अडकलेल्याचा आवाज ऐकायला शांत उभं राहावं लागतं, आणि उभ्याउभ्या त्याचे डोळे मिटतात. माळीणला ३० जुलै २०१४ ला दरड आली, १५१ माणसं गेली, आणि शोध आठवडाभर चालला. सगळा वेळ पाऊस. आठवडाभर उघड्यावर राहून कोण खणेल?

वहिनी : आमची माणसं राहतात. स्वतःचा भाऊ मातीखाली असला की झोप लागत नाही.

भाऊजी : म्हणूनच तर त्यांना बाजूला घेऊन कोणीतरी खणत राहायला हवं. इर्शाळवाडी आठवा. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यातली ती ठाकरांची वाडी इर्शाळगडाच्या अंगावर, रस्ता नाही. पायथ्यापासून तासाहून अधिक चढ, वाट निसरडी, धुकं आणि पाऊस. हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हतं, जेसीबी वर जाऊ शकत नव्हता. फावडी, घमेली आणि हात. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. आणि मदतीला निघालेले नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. वहिनी, त्या चढणीने माणूस कामाला लागण्याआधीच निम्मा संपतो. मग खणतो, मग अंधारात तीच वाट उतरतो, सकाळी पुन्हा चढतो. अशा ठिकाणी एक छावणी पुरत नाही. पायथ्याला मोठी हवी आणि वर, दरडीच्या वाटेपासून लांब, एक छोटी हवी. तिथे ताडपत्री, गरम पाणी, कोरडे मोजे, कांबळी, स्ट्रेचर, ऑक्सिजन, एक डॉक्टर. चढण सुरू होण्याआधी पायथ्याला प्रत्येकाचा रक्तदाब बघायचा, चाळिशीच्या पुढच्यांना नीट विचारायचं. पाळी वरच्या वर बदलायची, तासाभराची चढउतार वाचवायची. हा खर्च चैनीचा म्हणाल?

वहिनी : याला मी चैन म्हणणार नाही. पण त्या रात्री वर आधी कोण पोचलं? आसपासच्या गावातली माणसं आणि गिरिभ्रमण करणारी पोरं. वाट त्यांना माहीत होती. पाण्याच्या बाटल्या, दोर, जेवणाची पाकिटं पाठीवर घालून तीच वर गेली. अशा पोरांची नावं तुमच्या यादीत नसतात. छावणी उभी राहते ती गणवेशवाल्यांची.

भाऊजी : तो मुद्दा मी टाळत नाही, त्यावर येऊ. आधी तुमच्या शाळेचं बोला. कशावरून तुम्ही चिडलात ते मला माहीत आहे.

वहिनी : चिडणार नाही तर काय? शाळेला एक बोअर. पुरात गावातल्या विहिरी गढूळ झाल्या की सगळं गाव त्या एका बोअरवर येतं. खालच्या आळीतली कुटुंबं आधीच वर्गांत राहायला आलेली, म्हाताऱ्या-कोताऱ्यांसकट. त्यात पथक येतं. ट्रक आवारात, ओले दोर व्हरांड्यात, जनरेटर खिडकीखाली रात्रभर घरघरतो. बाळंतीण बाई त्या आवाजात झोपणार कशी? संडास दोन, एक मुलींचा, एक मुलांचा. तिसऱ्या दिवशी दोन्ही तुंबले. बायका रात्र पडायची वाट बघत बसल्या. जवान वाईट नव्हते, फार कष्टाळू पोरं, आमच्या लोकांना खांद्यावरून आणलंय त्यांनी. पण सगळे गेल्यावर शाळा सुरू करायला मलाच किती दिवस लागले ते कोणी विचारलं नाही.

भाऊजी : वहिनी, तुम्ही छावणीच्या विरुद्ध बोलताय असं तुम्हाला वाटतं. तुम्ही छावणी नसल्याची तक्रार करताय. ते पथक छावणी न घेता आलं होतं.

(इथे वहिनी गप्प झाल्या असतील. मलाही हा या वादाचा गाभा वाटतो. स्वतःची सोय न घेता आलेला मदतनीस, मन कितीही मोठं असो, पूरग्रस्ताच्याच हंड्यातून पितो.)

भाऊजी : हिशेब बघा. मदतकार्यात जगभर पाळली जाणारी स्फिअर मानकं आहेत. पिण्याला, स्वयंपाकाला, अंघोळ-धुण्याला मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. ती आपद्ग्रस्तांसाठी आहेत, पण चिखलात बारा तास काम केलेल्याला त्याहून कमी कसं पुरेल? ४५ जणांना दिवसाला ६७५ लिटर, दहा दिवसांना पावणेसात हजार. हे सगळं तुमच्या एका बोअरमधून उपसलं तर गावाने काय करायचं? म्हणून पाण्याचा टँकर, टाक्या, शुद्ध करायचं सामान पथकाबरोबरच निघायला हवं. संयुक्त राष्ट्रांशी जोडलेली, शोध-बचाव पथकांची इन्सराग म्हणून व्यवस्था १९९१ पासून आहे. तिच्या नियमाप्रमाणे मध्यम पथकाला सात दिवस आणि मोठ्या पथकाला दहा दिवस कोणाकडे काहीही न मागता राहता आलं पाहिजे. इंधन, अन्न, पाणी, झोपायची जागा, शौचालय सगळं आपलं.

वहिनी : नियम चांगला आहे. पाळतं कोण?

भाऊजी : परदेशी जाताना आपली माणसं पाळतात. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात भूकंप झाला. ऑपरेशन दोस्त या आपल्या मदतमोहिमेत एनडीआरएफची पथकं विमानातून वाहनं, तंबू, शिधा, अवजारं घेऊन गेली. ती गाझियान्तेप प्रांतात नुरदागीला राबत होती, तिथे थंडी गोठवणारी होती. आपल्या सैन्याने इस्केन्देरूनला ३० खाटांचं रुग्णालय उभारलं.

वहिनी : बघा, तुम्हीच सांगितलंत. परक्या देशात जाताना सगळं बांधून नेलं, कारण तिथे मागणं बरं दिसलं नसतं. आपल्या कोकणात येताना मात्र शाळा आहेच, बोअर आहेच, गावकरी भाकरी देतीलच, हे धरून चालता. आमचं गाव तुर्कस्तानाइतकंच उद्ध्वस्त झालेलं असतं त्या दिवशी.

भाऊजी : हे मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही. रस्त्याने येणारं पथक घाईत निघतं, बोटी आणि लाईफ जॅकेट भरतं, ट्रकमध्ये उरलेल्या जागेत तंबू जातात. उलटं व्हायला हवं असं मी म्हणत नाही, पण दुसरा ट्रक पहिल्याच्या पाठोपाठ सुटला पाहिजे.

वहिनी : आणि संडास? त्याचं सांगा. पुरुषमाणसं हे बोलायला लाजतात, म्हणून हाल बायकांचे होतात.

भाऊजी : संडासाचं मी सगळ्यात आधी बोलतो, कारण त्याने माणसं मेलेली आहेत. १२ जानेवारी २०१० ला हैतीमध्ये भूकंप झाला. ऑक्टोबरमध्ये तिथे कॉलरा पसरला. त्याआधी शंभर वर्षं तरी त्या देशात कॉलरा दिसला नव्हता. मिरबाले गावाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची छावणी होती. तिथली घाण ओढ्यात गेली, ओढा आर्तिबोनित नदीला मिळतो, आणि नदीचं पाणी लोक पीत होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी, बान की-मून यांनी, हैतीच्या जनतेची माफी मागितली. ती माणसं मदतीलाच आलेली होती. भूकंपातल्या बचावाचं काम वेगळं, शांतिसेनेचं काम वेगळं, पण छावणी ती छावणी. तेव्हापासून मी शिकवताना पहिला धडा हाच द्यायचो : तंबूच्या आधी संडास.

वहिनी : आपल्याकडे कसे बांधणार? खड्डा खणायचा म्हटलं तर जुलैत हातभर खणलं की पाणी लागतं.

भाऊजी : बरोबर बोललात. पुस्तकात लिहिलेलं असतं, शोषखड्डा पाण्याच्या जागेपासून निदान ३० मीटर लांब, आणि तळ भूजलाच्या दीड मीटर वर. कोकणात पावसाळ्यात पाणी जमिनीलाच टेकलेलं असतं, त्यामुळे खड्ड्याचा संडास चालतच नाही. तिथे टाकीवाली फिरती शौचालयं लागतात, चौथऱ्यावर उभी केलेली, आणि टाकी उपसायला गाडी. ती गाडी त्या चिखलात येईल का, कुठे रिकामी करेल, हे पावसाआधी ठरवायचं. २० माणसांना एक, म्हणजे एका पथकाला तीन. त्यात महिला जवानांसाठी वेगळं, आतून कडी असलेलं, दिवा असलेलं. आता पथकांत महिला आहेत, तुर्कस्तानातही होत्या. त्यांच्या पाळीच्या दिवसांचं सामानही यादीत असायला हवं. जुन्या यादीत ते नसायचं.

वहिनी : पुढचं सांगा. तुम्हाला मोकळं मैदान दिसलं की तुम्ही तंबू ठोकता. नदीकाठी सपाट जमीन का सपाट आहे, हे माहिती आहे का? दर दोन-चार वर्षांनी नदी तिथे येऊन जाते. आमच्या म्हातारीला विचारलं असतं तर तिने बोटाने दाखवलं असतं, पाणी कुठवर येतं.

भाऊजी : विचारायलाच हवं. नकाशावर उतार कळतो, पाणी कुठे तुंबतं ते कळत नाही. जागेचं माझं बघणं असं : कामाच्या जागेपासून फार लांब नको, पण ढिगारा डोळ्यांसमोर नको. वर डोंगर असेल तर झाडं कललीत का, जमिनीला भेगा आहेत का, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालंय का ते बघायचं. हे गुराखी सांगतो, आमचं यंत्र नंतर सांगतं. ट्रक वळायला जागा हवी, आणि आत येण्याची वाट व बाहेर जाण्याची वाट वेगळी, नाहीतर पहिला रुतला की सगळे अडकतात. मुरूम किंवा खडी टाकायची तयारी. तंबूभोवती चर. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, डिझेल स्वयंपाकघरापासून लांब, अवजारं धुवायची जागा पिण्याच्या पाण्यापासून लांब. चिखलाने माखलेला माणूस थेट झोपायच्या तंबूत शिरला तर दोन दिवसांत सगळी छावणी आजारी पडते, म्हणून दारात धुण्याची जागा हवी. कुत्र्यांना सावली आणि शांतता हवी. आणि दिवसा झोपणाऱ्यांचा तंबू वेगळा, काळोखाचा. रात्रपाळीचा माणूस सकाळी आठला झोपतो, तेव्हाच नेमके पाहुणे येतात, भोंगे वाजतात, कोणीतरी भाषण करतं.

वहिनी : ढिगारा डोळ्यांसमोर नको म्हणालात, ते का?

भाऊजी : चौथ्या दिवसानंतर जिवंत माणूस मिळेल ही आशा मावळत जाते. मग जे हाताला लागतं ते उचलायचं असतं. कधी लहान मूल. वास अंगाला चिकटतो, जेवताना येतो. विशी-पंचविशीतली पोरं असतात ही. झोपायच्या तंबूतून तीच जागा दिसत राहिली तर त्यांचं मन सुटत नाही. पाळी संपली की कोणीतरी जुना माणूस त्यांच्याजवळ बसला पाहिजे, बोलायला. हे सामान ट्रकमध्ये भरता येत नाही, पण छावणीच्या आखणीत त्याला जागा आणि वेळ दोन्ही ठेवता येतात.

वहिनी : आमच्या लोकांजवळही कोणी बसलं पाहिजे.

भाऊजी : हो. तेही.

(या ठिकाणी दोघांचं एकमत झालं, आणि त्यावर मला काही जोडायचं नाही.)

वहिनी : आता जेवणाचं. आमच्या गावात घरचं सगळं वाहून गेलेली बाई पाहुण्याच्या घरातून चार भाकऱ्या थापून आणते, जवानांना द्या म्हणते. आणि तुमचा माणूस सांगतो, बाहेरचं अन्न घ्यायला परवानगी नाही. तिच्याकडे द्यायला तेवढंच उरलेलं असतं, भाऊजी. ते नाकारलंत तर तिला काय वाटेल? केरळात वायनाडला २०२४ मध्ये दरड आली, तिथेही असंच झालं. मेप्पाडीत स्वयंसेवक सगळ्यांसाठी स्वयंपाक करत होते, ते स्वयंपाकघर प्रशासनाने थांबवलं, आणि लोक दुखावले.

भाऊजी : मी त्या प्रशासनाची बाजू समजू शकतो. एका भांड्यातलं अन्न बिघडलं तर एका रात्रीत पंचेचाळीसच्या पंचेचाळीस झोपतात. पुरानंतर पाणी दूषित असतं, लाकडं ओली असतात, सकाळी शिजवलेला भात दुपारी चारला कोणीतरी खातो.

वहिनी : मग शिजवायची जागा तुमची, हात आमचे. आमच्या बचत गटाच्या बायका शाळेत रोज मुलांचं जेवण करतात, त्यांना स्वच्छता तुम्ही शिकवायची गरज नाही. शिधा तुम्ही आणा, पाणी शुद्ध केलेलं द्या, स्वयंपाकाचे पैसे द्या. पूर आल्यावर त्यांची मजुरी बुडालेली असते. तुमच्या जवानांना गरम पिठलं-भाकरी मिळेल, बायकांच्या हाताला काम मिळेल.

भाऊजी : हे करता येईल. करायला हवं. पाण्याचंही तसंच. तुरटी फिरवून गाळ खाली बसवायचा, मग टीसीएल पावडर टाकायची, मग पाण्यात क्लोरीन उतरलंय का याची ओटी तपासणी. हे तुमच्या ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला येतं. तो आमच्याबरोबर असला तर दोन्हीकडचं पाणी बघेल, छावणीचं आणि गावाचं.

वहिनी : म्हणजे आता त्या मुद्द्यावर आलात. छावणीत कोणाला जागा? जेसीबीचा ड्रायव्हर घ्या. तो सलग चौदा-चौदा तास बादली चालवतो, खाली माणूस असेल म्हणून इंचाइंचाने. रात्री केबिनमध्येच पाय दुमडून झोपतो. त्याला कोणी विचारतं, तू जेवलास का? वायरमन छातीभर पाण्यातून खांबापर्यंत जातो. आशा, ग्रामसेवक, तलाठी, त्यांची स्वतःची घरं पाण्यात असतात. मृतदेह उचलायला मदत करणारी गावातली पोरं हातमोज्यांशिवाय उचलतात. जवानाला गमबूट, लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनची गोळी, धनुर्वाताचं इंजेक्शन. आमच्या पोराला काय? लेप्टो गणवेश बघून होत नाही.

भाऊजी : पण दार सगळ्यांना उघडं ठेवलं तर छावणी राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला काय झालं ते मी ज्येष्ठांकडून ऐकलंय. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, पहाटे भूकंप, आणि पुढचे दिवस मदतीला निघालेल्यांबरोबर बघ्यांच्या गाड्या. रस्ता त्यांनीच भरला. २०१५ च्या भूकंपात काठमांडूला धावपट्टी एकच, मदतीची विमानं आकाशात घिरट्या घालत राहिली. मदतीची इच्छा असलेला प्रत्येक माणूस त्या जागी उपयोगाचा असतोच असं नाही. कोण आत आहे याची नोंद नसली तर दुसरी दरड आल्यावर कोणाला शोधायचं तेही कळत नाही.

वहिनी : नोंद करा ना. कोणी नको म्हटलंय? सकाळी हजेरी घ्या, हाताला पट्टी बांधा, कोणत्या गटात काम करतो ते लिहा, संध्याकाळी पुन्हा मोजा. पण जो दिवसभर तुमच्या शेजारी खणतो त्याला रात्री त्याच तंबूत पाठ टेकू द्या, त्याच पंगतीत बसवा, तीच गोळी द्या. आपदा मित्र म्हणून गावोगावच्या तरुणांना प्रशिक्षण दिलंय सरकारने. त्यांची यादी तहसीलमध्ये आहे. तिथून सुरुवात करा.

भाऊजी : ४५ जणांच्या पथकामागे आणखी तीस स्थानिक धरायचे, असं म्हणता?

वहिनी : हो. तेवढं पाणी, तेवढे संडास, तेवढी अंथरुणं. ती माणसं तिथे असतातच, भाऊजी. तुम्ही त्यांना मोजलं नाही म्हणून ती नाहीशी होत नाहीत, ती आमच्या बोअरवर येतात.

भाऊजी : हा हिशेब मी नोकरीत असताना कधी केला नव्हता. पथकाची संख्या धरायची, त्याला गुणायचं, एवढंच. तुमचं बरोबर आहे. वायनाडचंच बघा. ३० जुलै २०२४ ला चूरलमलाचा पूल वाहून गेला. छावणी एका काठाला, काम पलीकडे मुंडक्काईला. यंत्रं जाईनात, अन्न जाईना, जखमी येईनात. सैन्याच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने १९० फुटांचा बेली पूल १ ऑगस्टला उभा केला. त्या तुकडीत आपल्या पारनेर तालुक्यातल्या मेजर सीता शेळके होत्या, त्यांचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं. पूल होईपर्यंत पलीकडे जे काही चाललं ते दोर, तात्पुरत्या फळ्या आणि स्थानिक माणसांच्या पाठीवर. ते लोक कुठे झोपले, मला माहीत नाही. कोणी लिहून ठेवलं नाही.

वहिनी : शेवटचं विचारते. तुम्ही गेल्यावर काय?

भाऊजी : छावणी उभारण्याइतकंच ती उठवणं महत्त्वाचं. टाक्या उपसायच्या, चर बुजवायचे, जाळायचं ते जाळायचं, वैद्यकीय कचरा परत न्यायचा, तारा-खिळे उचलायचे. शाळा वापरली असेल तर मुख्याध्यापिकेबरोबर खोली-खोली फिरून काय मोडलं ते लिहायचं, दोघांनी सही करायची, आणि दुरुस्तीचा खर्च कोण देणार त्याचं नाव त्या कागदावर हवं. शक्यतो शाळा घ्यायचीच नाही. ती पूरग्रस्तांची आहे.

वहिनी : हे वाक्य मला लिहून द्या.

भाऊजी : देतो.

त्या दोघांतल्या कोणा एकाचीच बाजू घ्यायला मला कोणी सांगितलं तर मी वहिनींची घेईन, पण भाऊजींचा हिशेब हातात घेऊन. छावणी हवी, नीट आखलेली, पूर्ण सामानाची हवी आणि कोणावर भार न टाकणारी हवी. तिची जागा मात्र पुरात बोटीतून उतरताना शोधायची नसते. पावसाळ्याच्या तोंडावर एनडीआरएफची पथकं महाड, चिपळूण, कोल्हापूर, सांगली अशा ठिकाणी आधीच आणून ठेवली जातात, ही मोठी सुधारणा आहे. पण त्यांच्या तळापासून पुढे, दरडीच्या आणि पुराच्या गावात ती कुठे उतरणार हे अजून त्या-त्या दिवशीच ठरतं.

१ मेला महाराष्ट्रभर ग्रामसभा भरतात. पाऊस त्यानंतर महिनाभराने येतो. तुमचं गाव डोंगराच्या कुशीत किंवा नदीच्या वळणावर असेल, तर यंदाच्या ग्रामसभेत हा एक विषय घ्यायला लावा. पथक आलं तर कोणत्या माळावर उतरेल, तिथवर ट्रक जातो का, पाणी कुठून येईल, फिरते संडास कुठे उभे राहतील, स्वयंपाक कोणता गट करेल, वाट दाखवायला कोण जाईल, आणि जेसीबीवाला, वायरमन, गावातली पोरं धरून एकूण किती माणसांचं अंथरूण लागेल. म्हाताऱ्या माणसांना बोलावून पाण्याची रेघ विचारा. हे सगळं एका कागदावर लिहा, ठराव करा, एक प्रत तहसीलदारांना द्या आणि एक शाळेच्या भिंतीवर, वरच्या बाजूला लावा.